आर्काट रोडवरचा न्याय

'नायक' हा चित्रपट पाहिलेला नाही असे मराठी घर आता शोधूनच काढावे लागेल. २००१ साली तो चित्रगृहात आला तेव्हा त्याची फारशी डाळ शिजली नाही. पण पुढे टीव्हीने त्याला असे काही उचलून धरले की, रविवारी दुपारी जेवण आटोपून जरा आडवे व्हावे आणि पलीकडच्या खोलीतून अनिल कपूर आणि अमरीश पुरी यांची ती गाजलेली मुलाखत ऐकू यावी, हा आपल्याकडे एक नित्यक्रमच होऊन बसला. एका दिवसासाठी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होणारा, टाइपरायटर बरोबर घेऊन फिरणारा आणि लाचखाऊ अधिकाऱ्यांच्या हाती जागच्या जागी निलंबनाचा कागद ठेवणारा तो वार्ताहर पाहून कोणाचे रक्त उसळले नसेल? सातबाराच्या उताऱ्यासाठी तीन-तीन खेटे घातलेला माणूस तर खुर्चीच्या कडेवरच येऊन बसतो.

हा मुख्यमंत्री मुळात आपला नव्हे. तो तमिळ मुलखातला. १९९९ च्या दिवाळीत तो 'मुदल्वन' या नावाने जन्मला. तिथे त्याचे नाव पुगळेंदी होते आणि काम अर्जुन या नटाने केले होते. दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक एकच, एस. शंकर. हिंदीत आणताना त्याने नायकाचे बारसे नव्याने केले आणि नाव ठेवले शिवाजीराव. आता शिवाजीराव गायकवाड हे कोणाचे जन्मनाव आहे, ते वाचकांना ठाऊक असेलच. बंगळुरात मराठी घरात वाढलेला, बसमध्ये तिकिटे फाडणारा हा मुलगा मद्रासला जाऊन रजनीकांत झाला. म्हणजे तमिळ मुख्यमंत्र्याला मराठी करताना नाव घेतले ते तमिळ झालेल्या मराठी माणसाचे! असे हे येणेजाणे जुने आहे.

पुगळेंदी, त्याचे आधीचे आणि नंतरचे भाऊबंद, म्हणजे कायदा हातात घेऊन न्याय करणारे हे सगळे पडद्यावरचे वीर ज्या भागातून निघाले, तो चेन्नईचा कोडंबाक्कम-वडपळनी भाग मला पायी फिरून पाहायचा होता. २०२४ च्या जूनमध्ये तो योग आला.

माझे यजमान तंजावरी. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतले, त्यानंतर जी मराठी कुटुंबे तिकडे जाऊन राहिली, त्यांच्यापैकी हे एक. आडनावाच्या जागी नुसते 'राव'. बँकेतून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, पायांत चपला, आणि बोलणे असे की शब्द आपले पण चाल सगळी तमिळ. पहिला अर्धा दिवस मला त्यांचे मराठी समजून घेण्यात गेला आणि त्यांना माझ्या मराठीचे हसू आवरण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी, इडली आणि वर कॉफीचा पितळी डबरा-पेला झाल्यावर, आम्ही लोकल गाडीने कोडंबाक्कम स्टेशनावर उतरलो.

कोडंबाक्कम हे नाव आर्काटच्या नवाबाच्या घोड्यांच्या बागेवरून, 'घोडा बाग'वरून, पडले असे तिकडे सांगतात. आता घोडेही नाहीत आणि बागही नाही. रेल्वेवरचा पूल ओलांडला की आर्काट रोड पश्चिमेकडे सरळ जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी स्टुडिओच स्टुडिओ होते, आणि कोडंबाक्कमच्या पहिल्या अक्षरावरूनच तमिळ चित्रसृष्टीला 'कॉलीवूड' म्हणू लागले. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध नव्या मेट्रोचे खांब उभे होते, दोन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले, आणि त्यांतून उरलेल्या चिंचोळ्या वाटेने बसगाड्या, रिक्षा, स्कूटर आणि आम्ही दोघे असे सगळे मिळून पुढे सरकत होतो. जूनचे ऊन, समुद्राचा दमटपणा. रावसाहेबांनी छत्री उघडली.

"इथे पाहायला काय आहे, ते मला अजून कळले नाही," ते म्हणाले. "होते ते गेले."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. एस. एस. वासन यांनी १९४८ साली 'चंद्रलेखा' काढला, त्यातला नगाऱ्यांवरचा नाच पाहून मुंबईचे निर्मातेही चकित झाले होते. त्या वासनांचा जेमिनी स्टुडिओ गेला आणि उरले ते शहराच्या मधल्या उड्डाणपुलाचे नाव. पुलाला सरकारी नाव अण्णांचे आहे, पण रिक्षावाल्याला जेमिनी म्हटल्याशिवाय कळत नाही. वडपळनीला नागी रेड्डींचा विजया-वौहिनी स्टुडिओ होता, एके काळी आशिया खंडातला सर्वांत मोठा म्हणून ज्याची ख्याती होती. त्याच्या जागेवर आता रुग्णालय आहे आणि एक भला मोठा मॉल आहे. जिथे मायाबाजाराचे राजवाडे उभे राहिले, तिथे आता लोक सरकत्या जिन्यावरून वरखाली करतात.

पण एव्हीएम आहे. ए. व्ही. मेय्यप्पन यांनी १९४८ च्या सुमाराला कारैकुडीहून आपला बाडबिस्तरा हलवून या रस्त्यावर मांडला, तो त्यांच्या वंशजांनी अजून पुरता गुंडाळलेला नाही. दारावरचा तो फिरणारा पृथ्वीगोल तमिळ मुलखात पळनीच्या मुरुगनाइतकाच ओळखीचा. आवाराचा काही भाग विकला गेला, इमारती उठल्या. २०२३ साली आत एक संग्रहालयही सुरू झाले, त्यात जुन्या मोटारी आणि चित्रीकरणाची यंत्रे मांडून ठेवली आहेत. मोटारी सुरेख आहेत. पण मी शोधत होतो ती जागा वेगळी. शिवाजी गणेशन या नटाने आयुष्यातला पहिला शॉट जिथे दिला, तिथे एव्हीएमने एक स्मारक उभारले आहे. तो चित्रपट 'पराशक्ती', प्रदर्शित झाला १९५२ च्या दिवाळीत.

या नटाचेही नाव आपल्याकडूनच गेलेले. मूळचा गणेशन, अण्णादुराईंच्या नाटकात त्याने शिवाजी महाराजांचे काम केले, ते पाहून पेरियारांनी त्याला 'शिवाजी' म्हटले, आणि ते नाव जन्मभर चिकटले. रावसाहेबांना ही गोष्ट अर्थातच ठाऊक होती. तरी ती मी सांगावी आणि त्यांनी ऐकावी असा त्यांचा आग्रह दिसला.

'पराशक्ती'चा शेवट न्यायालयात होतो. पुजाऱ्यावर हल्ला केल्याच्या आरोपावरून नायक पिंजऱ्यात उभा आहे आणि तो बोलतो. बोलतच राहतो. ते संवाद लिहिले होते करुणानिधींनी, जे पुढे पाच वेळा तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. त्या भाषणाच्या पुस्तिका निघाल्या, ते लोकांनी तोंडपाठ केले, शाळकरी पोरांनी आरशासमोर म्हणून पाहिले. तेव्हा चित्रपटात यंत्रसामग्री ती किती? कॅमेरा समोर ठेवायचा, माइक वर टांगायचा, आणि नटाला बोलू द्यायचे. सगळा भार शब्दांवर. पण आज त्या प्रसंगाकडे पाहताना मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो नायक कितीही संतापलेला असला, तरी आपले म्हणणे कोणीतरी वर बसलेल्या माणसाने ऐकावे, यासाठी तो बोलतो. न्यायाधीश वाईट असेल, झोपाळू असेल, पण खुर्ची रिकामी नाही.

पुढच्या तीस वर्षांत ती खुर्ची रिकामी झाली. १९८१ साली एस. ए. चंद्रशेखर यांचा 'सट्टम् ओरु इरुट्टरै' आला. नावाचा अर्थ, कायदा ही एक अंधारी खोली. हिंदीत त्याचाच 'अंधा कानून' झाला आणि त्यातूनच १९८३ साली रजनीकांत मुंबईच्या पडद्यावर पहिल्यांदा अवतरला. या चंद्रशेखरांच्या हाताखाली जो एक सडपातळ मुलगा उमेदवारी करत होता, तो शंकर. कुंभकोणमचा, चेन्नईच्या सेंट्रल पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदविका घेतलेला. ही पदविका ध्यानात ठेवावी. कारण त्याने १९९३ साली 'जेंटलमन' काढला तेव्हापासून त्याचा प्रत्येक चित्रपट म्हणजे एक यंत्रच आहे, आणि त्याचा कुठला दात कुठल्या चक्राला लागतो हे त्याला पक्के ठाऊक असते.

'जेंटलमन'चा नायक दिवसा अप्पळम विकतो. अप्पळम म्हणजे आपला पापडच. तिकडच्या केळीच्या पानावर तो नसेल तर जेवण पुरे होत नाही. आणि रात्री हा पापडवाला दरोडे घालतो. कशासाठी? गुण असूनही देणगीचे पैसे नसल्यामुळे ज्यांचे शिक्षण बुडाले, अशा मुलांसाठी फुकट महाविद्यालय काढायचे म्हणून. मुलीच्या वैद्यकीय प्रवेशासाठी ज्या बापाने कधी फंडाचे पैसे काढले असतील, त्याला हा दरोडेखोर परका वाटेल का? संवाद बालकुमारन या कादंबरीकाराचे होते, संगीत ए. आर. रहमानचे. पण या घराण्याला खरा लेखक मिळाला तो पुढच्या पिढीत, १९९६ च्या 'इंडियन'पासून.

त्याचे नाव सुजाता. नाव बाईचे, माणूस पुरुष. एस. रंगराजन हे खरे नाव. कथा छापताना त्यांनी बायकोचे नाव घेतले. १९३५ साली चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणीत, म्हणजे इंग्रजांच्या ट्रिप्लिकेनमध्ये, जन्म. बालपण श्रीरंगमला आजीपाशी. क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूटमध्ये इंजिनियर झाले. अब्दुल कलाम तिथे त्यांचे सहाध्यायी. पुढे बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी. आज आपण मत द्यायला गेल्यावर ज्या यंत्राचे बटण दाबतो, त्या मतदान यंत्राच्या रचनेच्या आणि निर्मितीच्या कामावर देखरेख करणाऱ्यांत हा कथालेखक होता. तमिळ घराघरांत त्यांच्या रहस्यकथा आणि विज्ञानकथा वाचल्या जात. रावसाहेबांच्या कपाटात त्यांच्या पुस्तकांची एक सबंध फळी आहे, आणि ती पुस्तके ते कोणाला उसनी देत नाहीत.

इंजिनियर माणूस संवाद लिहू लागला की काय होते, ते 'इंडियन'च्या कचेऱ्यांत पाहावे. मनोरमाने रंगवलेली एक गरीब बाई नुकसानभरपाईची रक्कम मिळवायला टेबलाटेबलावरून फिरते आणि प्रत्येक टेबलावर काहीतरी ठेवून पुढे सरकते. कोणीही आक्रस्ताळेपणा करत नाही. कारकून चांगला हसतमुख आहे. दर ठरलेले आहेत. यंत्रात तेल घालावे तशी लाच घातली जाते आणि कागद एक दात पुढे जातो. करुणानिधींनी असता तर इथे एक ज्वलंत भाषण घातले असते. सुजातांनी हिशोब घातला. आणि मध्यमवर्गीय माणसाला भाषणापेक्षा हिशोब लवकर कळतो! 'अन्नियन'मध्येही असाच एक हिशोब आहे. पाच पैशांची चोरी हा गुन्हा का, असा साधा प्रश्न. मग ती किती जणांनी केली, किती वेळा केली, असे गुणाकार करत करत तो आकडा इतका फुगतो की विचारणाऱ्याची वाचा बसते. प्राथमिक शाळेतले पाढे, पण कोणत्याही शापवाणीपेक्षा जास्त लागतात.

'अन्नियन' २००५ चा. त्यातला अंबी हा भोळा वकील तिरुवल्लिक्केणीचा, म्हणजे लेखकाच्याच जन्मगावचा म्हणायचा. पार्थसारथीच्या देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांतून आम्ही एक संध्याकाळ हिंडलो. या देवळातल्या कृष्णाला मिशा आहेत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण असा कृष्ण मी अन्यत्र पाहिला नाही. गल्ल्या अरुंद, दारापुढे तांदळाच्या पिठाची कोलम, जवळच सुब्रह्मण्य भारतींचे घर. अशा घरातला हा अंबी. नियमाबाहेर कोणी वागले की तक्रार अर्ज करणारा, आणि कोणी न ऐकले की घरी येऊन कुढणारा. असा माणूस आपल्या प्रत्येक सोसायटीत एक असतो, आणि सभेत तो उठला की सगळे घड्याळ पाहतात. त्याच्या लहान बहिणीचा बळी पावसाच्या पाण्यात पडलेल्या विजेच्या तारेने गेलेला. तारेकडे बघायचे ज्याचे काम, त्याने ते केले नाही. एवढेच. कोणी खून केला नाही, कोणाला शिक्षा नाही.

मग त्या कुढण्यातून अंबीच्या आतच दुसरा माणूस तयार होतो आणि तो गरुडपुराण उघडतो. आपल्याकडे घरात कोणी गेले की हे पुराण वाचतात, आणि आपण मान खाली घालून ऐकतो, निम्मे लक्ष दारातल्या चपलांकडे असते. इथे ते दंडसंहिता होते. अपघातात जखमी झालेल्याला गाडीत न घेणाऱ्याला अंधकूप, म्हशींच्या कळपाखाली. आगगाडीत शिळेपाके खायला घालणाऱ्या कंत्राटदाराला कुंभीपाक, उकळत्या तेलात. ब्रेकचा निकृष्ट माल विकणाऱ्या कारखानदाराला कृमिभोजन, जळवांच्या तोंडी. गुन्हे किती लहान आणि शिक्षा किती भयंकर! आणि थिएटरात टाळ्या.

या टाळ्या का पडतात, हे शोधायलाच मी या रस्त्यावर आलो होतो. माझे उत्तर असे की, टाळी पडते ती कारागिरीला. खुर्चीवर न्यायाधीश नाही, तेव्हा पुरावा प्रेक्षकापुढेच मांडावा लागतो, आणि पुरावा मांडण्याचे काम सुतार, रंगारी, छायालेखक आणि रंगभूषाकार करतात. 'इंडियन'मधली कचेरी खोटी वाटली, फायलींवर धूळ नीट बसली नाही, तर पुढचा खून नुसता खून वाटेल. म्हणून तोट्टा तरणी यांनी नेपथ्यात जीव ओतला. त्या वर्षीचे कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांनाच मिळाले. तो सूड घेणारा म्हातारा सेनापती खरा वाटला पाहिजे, म्हणून कमल हासनच्या चेहऱ्यासाठी हॉलिवूडचा रंगभूषाकार मायकेल वेस्टमोर याला आणले. कातडीवर कातडी चढवून, सुरकुती सुरकुती बसवून, चाळिशीच्या नटाचा आझाद हिंद सेनेतला वृद्ध सैनिक केला. त्याचे हत्यार बंदूक नाही. दोन बोटे मर्मावर टेकवली की माणूस लुळा, ही तिकडची वर्मकलै. सगळे शांतपणे, कचेरीत सही करावी तसे. कमल हासनला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तसेच चमत्कृती दृश्यांसाठी एस. टी. वेंकी यांनाही.

'अन्नियन'मध्ये तर एका हाणामारीत काळच थांबवला आहे. अनेक कॅमेरे एका वळणावर ओळीने मांडायचे आणि एकाच क्षणाची चित्रे वेगवेगळ्या बाजूंनी टिपायची; ती एकामागून एक लावली की माणूस हवेत तसाच अधांतरी आणि आपण त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. देवळात घालावी तशी. छायालेखक मणिकंदन आणि रवी वर्मन, मारामाऱ्या पीटर हेन यांच्या.

बाकी या खर्चाचा हात सगळीकडे सारखाच सैल, हेही सांगितले पाहिजे. तेनकासीजवळच्या सुंदरपांडियपुरम या गावात साबू सिरिल यांनी एका गाण्यासाठी घरे, रस्ते आणि मालमोटारी चित्रांनी रंगवून काढल्या. कथेशी त्याचा संबंध तितकाच, जितका लग्नाच्या बँडचा सप्तपदीशी. पण बघताना मन प्रसन्न होते, आणि बँडावाचून लग्न कोणी करते का? 'शिवाजी'तला प्रकार मात्र मला मानवला नाही. २००७ चा तो एव्हीएमचाच चित्रपट, नायक रजनीकांत. एका गाण्यात त्याला गोरा करण्यासाठी एका गोऱ्या बाईची त्वचा चित्रित करून ती हजारो चौकटींत एकेक करून त्याच्या अंगावर चढवली. काम अलौकिक, आणि हेतू काय, तर सावळा माणूस गोरा दिसावा! ज्याच्या सावळ्या रंगावर सगळा मुलूख फिदा आहे त्याला. रावसाहेबांना हे मत पसंत पडले नाही. ते गाणे विनोदाचे आहे, असे त्यांनी मला दोन वेळा समजावले.

माझ्या भेटीच्याच दिवसांत 'इंडियन' पुन्हा प्रदर्शित झाला होता. अठ्ठावीस वर्षांनी त्याचा दुसरा भाग येणार, म्हणून ७ जूनला पहिला पुन्हा पडद्यावर आणला होता. वडपळनीच्या एका चित्रगृहात आम्ही सगळे गेलो: रावसाहेब, वहिनी, आणि त्यांचा बारा वर्षांचा नातू. वहिनींनी पिशवीतून घरचे मुरुक्कु नेले होते, ते दारावरच्या माणसाने पाहून न पाहिल्यासारखे केले. (या क्षुल्लक नियमभंगाला गरुडपुराणात काय शिक्षा आहे, असे मी विचारले, वहिनींनी मला एक मुरुक्कु दिले.)

नातवाने खून बोटांवर मोजायला घेतले. सेनापती टीव्हीवर, सगळा मुलूख बघत असताना, डॉक्टरला मारतो तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडेल असे वाटले. त्या डॉक्टरने लाच मिळेना म्हणून सेनापतीच्या भाजलेल्या मुलीवर उपचार केले नव्हते. वहिनीसुद्धा मान डोलावत होत्या, एरवी त्या झुरळ मारू देत नाहीत. आणि खरे सांगायचे तर माझेही हात टाळीसाठी उचलले गेले होते.

मग बस येते. सेनापतीचा मुलगा चंद्रू वाहन तपासणीच्या खात्यात लागला आहे; त्याने पैसे खाऊन, ब्रेक नादुरुस्त असलेल्या एका बसला लायकीचा दाखला दिला. ती बस शाळेच्या मुलांना घेऊन जाते. पुढचे सांगत नाही. बाप मुलाला मारायला निघतो. मुलगा पळतो, विनवतो, आई मधे पडते, मुलाची प्रेयसी मधे पडते. कमल हासनच बाप आणि कमल हासनच मुलगा, त्यामुळे एकाच चेहऱ्यावरचा न्याय आणि एकाच चेहऱ्यावरची भीती. त्या वेळी थिएटरात कोणी शिट्टी वाजवली नाही. नातवाची बोटे मिटलेली होती.

"त्याला पोलिसांत का नाही दिले?" त्याने हळूच विचारले.

"पोलिसांनी सोडला असता," रावसाहेब म्हणाले.

"आणि ताता, त्याने ब्रेक बघितले असते तर?"

यावर रावसाहेब बोलले नाहीत. तो मुलगा ज्या ठिकाणी बोट ठेवत होता, तिथे या चित्रपटांतली सगळी कारागिरी येऊन थांबते. तीन तास फिर्यादीची बाजू इतकी बिनचूक मांडली जाते, आणि आरोपीचा वकील बहुधा कोणी लिहिलेलाच नसतो. जिथे तो लिहिला आहे तिथे हे चित्रपट एकदम उंच जातात. म्हणून मला 'मुदल्वन'मधली ती मुलाखत सर्वांत मोलाची वाटते. रघुवरनने रंगवलेला मुख्यमंत्री प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो. हुशार, मुरलेले, काही वेळा पटणारेसुद्धा. खलनायकाला अक्कल देणे हे लेखकाचे मोठे औदार्य आहे, आणि सुजातांपाशी ते होते. त्या चित्रपटाचा शेवटही मला विसरता येत नाही: हा स्वच्छ मुख्यमंत्री अखेर डाव रचतो आणि आपल्या शत्रूला सरकारी शिपायांच्याच गोळ्यांनी मारवतो. कायद्याच्या हातूनच कायद्याबाहेरचे काम. लोक याला सुखान्त म्हणतात.

सुजाता २७ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. त्यानंतरच्या चित्रपटांत यंत्रे वाढली, पडद्यावरची गर्दी वाढली, पण ती हसतमुख कारकुनाची कचेरी पुन्हा तशी उभी राहिली नाही. २०२४ च्या १२ जुलैला, मी परतल्यावर, 'इंडियन' चा दुसरा भाग आला. मी तो पाहिला. म्हातारा सेनापती परत आला होता, बोटांचे मर्मघातही होते. हिशोब मात्र कोणी केलेला दिसला नाही. प्रेक्षकांनीही त्याला फारसे जवळ केले नाही.

चेन्नईतल्या शेवटच्या दिवशी आम्ही आर्काट रोडच्या टोकापलीकडे, पोरूरवरून पूनमल्लीच्या बाजूला गेलो. आता मोठी चित्रीकरणे शहराबाहेर होतात. वडपळनीत जागा उरली नाही. पूनमल्लीच्या पुढे बंगळूरच्या हमरस्त्याला एक चित्रनगरी आहे. तिथे १९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री, याच दुसऱ्या 'इंडियन'च्या सेटवर, दिवे वर धरणारी क्रेन कोसळली. तीन माणसे गेली. साहाय्यक मंडळींतली, पडद्यावर ज्यांची नावे इतक्या वेगाने वर सरकतात की वाचता येत नाहीत, त्यांतली. आणखी काही जखमी झाले. गेलेल्यांच्या आणि जखमींच्या कुटुंबांसाठी कमल हासनने एक कोटी रुपये जाहीर केले. चित्रीकरण दीर्घ काळ थांबले, वाद झाले, कोर्टात अर्ज झाले, मग ते पुन्हा सुरू झाले.

आम्ही रस्त्याच्या अलीकडेच उभे होतो. आत जाण्यासारखे काही नव्हते. फाटक, पत्र्याच्या उंच भिंती, त्यांच्यावरून डोकावणाऱ्या कुठल्याशा राजवाड्याची प्लॅस्टरची पाठमोरी बाजू, आणि बांबूच्या परातीवर उघड्या पायांनी चढून रंग देणारे दोघे जण. कमरेला दोर एकाच्याच होता. रावसाहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला हाक मारली आणि त्याच्याशी तमिळमध्ये काही बोलले. काय बोलले ते मला समजले नाही. रखवालदाराने वर पाहिले, हात हलवला, आत गेला.

"अर्ज द्या म्हणतो," रावसाहेब परत येऊन म्हणाले, आणि छत्री मिटून त्यांनी खिशात पेन आहे का ते चाचपले.